निळ्या पट्टीवरचं पाणी

कापड ओलं झालं की ओल वर चढते. टांगलेल्या सुती झग्याचा घेर पाण्याला टेकला, तर पाणी धाग्याधाग्यानं वर सरकतं, पण वेडंवाकडं. कुठे चार बोटं, कुठे वीतभर. ओलीची कड कधीच सरळ नसते.

त्या झग्याची कड सरळ होती.

छातीपर्यंत ओला, वर कोरडा. मध्ये पट्टीनं आखावी तशी रेघ... आणि खाली फरशी ठणठणीत कोरडी.

हे कुणी रचून सांगितलेलं नाही. जिनं पाहिलं ती बाई पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत काम करते. ‘मला असं वाटलं’ हे वाक्य तिच्या तोंडी सहसा येत नाही. घरात सगळे तिला धाकटी म्हणतात, आपणही धाकटीच म्हणू. हे घडलं एका शनिवारी, भर दुपारी, चर्चच्या मागच्या झग्यांच्या खोलीत.

धाकटीची मंडळी बाप्टिस्ट. त्यांच्यात तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत. माणूस जाणता झाला, की सगळ्यांसमोर उभा राहून स्वतःच्या तोंडानं आपला निर्णय सांगतो. मग पांढरा झगा घालून हौदात उतरतो. पाळक, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, त्याला अख्खं पाण्याखाली नेतात आणि वर काढतात. हौद व्यासपीठाखालीच असतो, एरवी त्यावर फळ्या असतात. बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी सेवा करणारी माणसं फळ्या काढतात, हौद घासतात, भरतात.

हे काम धाकटी कितीतरी वर्षं करत होती. पाणी तपासायचं. झगे धुवायचे, इस्त्री करायचे.

स्वतः मात्र ती त्या हौदात कधी उतरली नव्हती.

“सगळ्यांचे झगे कडक करतेस गं,” पाळकबाई म्हणायच्या. “स्वतःचा कधी घालणार? कापड विरायच्या आत घाल बाई.”

“मला अजून खात्री वाटत नाही.”

“आणि ती खात्री काय तुझ्या बाटलीत दिसणार आहे?”

सगळे हसायचे. धाकटीही हसायची. पण तिचं खरंच तसंच होतं. ओठांनी हो म्हणायचं आणि आत ठाऊक नसायचं, हे तिला जमत नव्हतं.

तिच्या थोरल्या जावेचा निर्णय झाला होता. दोघींचे झगे एकाच ताग्यातून शिवले होते. थोरली म्हणायची, “धाकटे, एकदमच उतरू.” आणि धाकटीसाठी दर वेळी पुढे ढकलायची.

मग थोरली आजारी पडली.

“मी एकटीच उतरून घेऊ का गं?” तिनं अंथरुणातून विचारलं होतं.

“थांबा ना ताई. बऱ्या व्हा. मी आले की एकदमच उतरू.”

थोरली म्हणाली, “बरं. थांबते.”

हौद पुन्हा भरायच्या आतच ती गेली.

न वापरलेला झगा त्या मंडळीत उसवून दुसऱ्या कुणाच्या मापाचा करतात. नवं कापड कशाला फुकट घालवायचं? धाकटीनं थोरलीचा झगा द्यायचा टाळला. दांडीच्या टोकाला स्वतःच्या झग्याशेजारी टांगून ठेवला.

तोच झगा आता छातीपर्यंत ओला होता.

ती तशीच बाहेर आली. वायरमन काका हौदाच्या हीटरशी खटपट करत होते.

“काका, झग्यांच्या खोलीत गेला होतात?”

“मी कशाला जातोय? मागच्या वेळी पाणी इतकं गार होतं की प्रार्थनेच्या मध्येच पाळकसाहेबांचे दात वाजायला लागले. या वेळी तसं झालं तर मलाच बुडवतील.”

“छत गळतंय का बघाल?”

“पाऊस कुठाय वहिनी?”

खोलीत नळ नव्हता. भिंतीतून पाइप जात नव्हता. धाकटीनं झगा पिळला. पाणी कोमट होतं... आणि बाहेर हीटर नुकताच सुरू झाला होता, हौद अजून गारच होता.

मग तिनं एक गोष्ट केली. झगा स्वतःच्या अंगाला लावून पाहिला. थोरली तिच्याच उंचीची होती.

हौदात उभ्या राहिलेल्या माणसाला पाणी जिथवर येतं, रेघ नेमकी तिथवर होती.

रविवारी सकाळी ती सगळ्यांच्या आधी पोचली. झगा रात्रभर पंख्याखाली होता.

कोरडा असायला हवा होता.

रेघ गळ्यापर्यंत आली होती.

धाकटीनं तो तसाच दांडीच्या टोकाला परत टांगला. बोलणार काय? आणि त्या दिवशी तर मुळीच नाही. त्या दिवशी बाप्तिस्मा घेणार होते दोघंच. मंडळीचे शिंपीमामा, आणि थोरलीची मुलगी.

“काकू,” पुतणी पाठीमागून आली. नाकीडोळी थेट आई. “मी आईचाच झगा घालू?”

“नाही!”

पोरगी दचकली.

“ओला आहे तो,” धाकटी हळू आवाजात म्हणाली. “तुझा इस्त्री केलाय. तोच घाल.”

“ओला कसा झाला?”

धाकटीनं तिच्या झग्याचा बंद बांधला. गाठ दोनदा सुटली.

यापुढे जे झालं, त्याचं कारण आजवर कुणाला सापडलेलं नाही. सांगतानाही नको वाटतं.

गीत संपलं. चर्च भरलेलं होतं. धाकटी हौदाच्या कडेला टॉवेल घेऊन उभी होती, नेहमीसारखी. हौदाच्या आतून चहूबाजूंनी निळ्या फरश्यांची एक बोटभर रुंद पट्टी आहे. पाणी नेहमी त्या पट्टीच्या खालच्या कडेपर्यंत भरतात. माणूस उतरला की पाणी बोटभर वर येतं, निघाला की तितकंच खाली जातं.

पाळकसाहेब उतरले. पाठोपाठ शिंपीमामा. निळी पट्टी पाण्याखाली गेली.

मामांनी खणखणीत आवाजात आपला निर्णय सांगितला. पाळकांनी त्यांना मागे झुकवलं, पाण्याखाली नेलं आणि उचललं.

मामा वर आले ते घुसमटत, दोन्ही हातांनी तोंड पुसत.

“पाणी गेलं नाकात!” मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

मामा पायऱ्या चढून आले. धाकटीनं त्यांच्या खांद्यावर टॉवेल टाकला. त्यांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

“बाई... खाली कोण आहे?”

“म्हणजे?”

“माझा चेहरा चाचपला कुणीतरी. अंधारात माणूस शोधतात ना, तसा. नाक, कपाळ, मिशी...” मामांनी मागे वळून पाण्याकडे पाहिलं. “मग सोडून दिलं.”

पाळकसाहेबही प्रार्थनेसाठी वर आले. सगळ्यांचे डोळे मिटलेले.

धाकटीचे उघडे होते.

हौदात आता कुणीही नव्हतं. पाणी हळूहळू स्थिर झालं. इतकं सांडलं होतं की पातळी पहिल्यापेक्षा खाली जायला हवी होती. नळ बंद होता, तिनं स्वतः बंद केला होता.

निळी पट्टी अजून पाण्याखालीच होती.

बोटभर... एका माणसाइतकं पाणी वर.

“आमेन,” सगळे म्हणाले.

पाळकसाहेबांनी पुतणीला हाक मारली. पोरगी हसत पुढे आली. तिनं पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं.

पाणी हललं. तिच्या पावलापासून नव्हे. समोरच्या टोकाकडून एक लाट निघाली आणि सावकाश पायरीकडे येऊ लागली... चालत येणाऱ्या माणसाच्या छातीपुढे येते, तशी.

शिंपीमामांना सोडलं होतं. ते घरचे नव्हते. पण हा चेहरा? हाताला लागलेला हा चेहरा घरचा निघाला तर? लेक म्हणून ताई सोडतील... की लेक म्हणूनच धरून ठेवतील?

हौद रिकामा करा, म्हणावं? कुणी ‘का?’ विचारलं, तर काय सांगायचं?

पुतणीनं दुसऱ्या पायरीवर पाय टाकला.

“काकू, पाणी छान कोमट आहे.”

लाट पायरीपाशी येऊन थांबली. ‘बरं. थांबते.’

धाकटीला अजूनही खात्री नव्हती. विश्वासाचीही नाही, आणि पाण्यात काय आहे त्याचीही नाही. तिनं टॉवेल खाली ठेवला, पुतणीचा दंड धरला आणि तिला मागे ओढलं.

“अगं काकू...!”

“काय झालं बाई?” पाळकसाहेब म्हणाले.

अंगावर रोजची साडी, पायात चपला. धाकटी पहिल्या पायरीवर आली. तिनं पाळकांकडे पाहिलं नाही. पाण्याकडेच बघत, शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली,

“आधी मी. मी उतरते.”