कुमसिलचे दोष

"आई, या कागदावर आहे एवढंच बोल. एक शब्द इकडचा तिकडे करू नकोस," सोलमीने कागद आईच्या हातात कोंबला आणि ब्लाउजवर इस्त्री इतक्या जोरात फिरवली, की कुमसिलच्या काळजात चर्र झालं.

कागदाची पहिलीच ओळ होती... मी गांगवोनची!

दक्षिण कोरियातल्या इंचॉनच्या या वस्तीत निम्मी माणसं उत्तर कोरियातून पळून आलेली, आणि बाहेर पडली की सगळी गांगवोनची होतात. बोलण्यातला हेल लपवायला उत्तरेला लागून असलेला दक्षिणेतला तेवढाच एक प्रांत सापडतो, दुसरं काय? सोलमी तर दवाखान्यात नोकरीला लागल्यापासून इतकी गांगवोनची झाली होती, की आईला घेऊन बाजारात जायचीही तिला चोरी वाटायची. लेकीचा राग या नोकरीहून जुना आहे, हे कुमसिल जाणून होती. तीन दिवसांत तांदूळ घेऊन येते असं सांगून अकरा वर्षांच्या पोरीला उत्तरेत, सरहद्दीवरच्या ह्येसानमध्ये आजीपाशी सोडून ती नदीपार चीनमध्ये गेली, ती तिला पुन्हा भेटली सात वर्षांनी. या पोरक्या सात वर्षांबद्दल सोलमीने कधी विचारलं नाही आणि कुमसिलनेही कधी सांगितलं नाही. दोघी एका ताटात जेवायच्या, पण त्या घरातला अबोला काही जेवून उठत नव्हता!

आज मात्र आयुष्यातला पहिला मान दाराशी आला होता. उत्तरेतून आलेल्यांना स्वतःच्या पायावर उभं करणाऱ्या एका संस्थेने कुमसिलला पाच महिने हॉटेलचा स्वयंपाक शिकवला होता. बाजारातला एक गाळा ते वर्षभर मोफत देणार होते, आणि त्यासाठी शेवटी उरलेल्या ज्या चौघींतून आज एक निवडायची होती, त्यांत ती होती. दुसऱ्यांच्या हॉटेलात भांडी घासून घासून तिच्या हातांची सालं निघाली होती. गाळा मिळाला तर आयुष्यात प्रथमच चूल तिची, पाटी तिची. नाही मिळाला तर पुन्हा तीच मोरी!

सभागृहात टेबलामागे तिघं परीक्षक बसले होते. मधोमध संस्थेच्या पेकबाई, पांढऱ्या केसांच्या, हसऱ्या. घरचं एक माणूस बरोबर हवं असा नियम होता म्हणून सोलमी आली होती, आणि मान खाली घालून शेवटच्या रांगेत बसली होती. कुमसिलने आपली ताटली पुढे ठेवली. टोफूचे तिकोनी तुकडे खरपूस तळून, पोटात चीर देऊन भात भरलेले, वर लाल तिखटाचा लेप. ह्येसानच्या बाजारात दुष्काळात याच खाऊवर तिने घर जगवलं होतं.

पेकबाई म्हणाल्या, स्वतःबद्दल सांगा.

कुमसिलने कागद उघडला. मी गां... जीभ टाळ्याला चिकटली ती सुटेचना! समोर टेबल, टेबलामागे तिघं, आणि आपण एकटं उभं. तिकडे उत्तरेत शाळेच्या वयापासून दर शनिवारी अशीच सभा भरायची. उभं राहायचं, आपले दोष सांगायचे, मग कुणीतरी उठून तुमचा आणखी एखादा दोष काढायचा, आणि तुम्ही मान खाली घालून टीका मान्य आहे म्हणायचं. अर्ध्या आयुष्याची सवय, ती थोडीच जाते! सावधान म्हटल्यासारखे कुमसिलचे हात आपोआप कपड्याच्या शिवणीला लागले.

"या आठवड्यातले माझे दोष," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "मंगळवारी भात गिचका केला. शिकवणाऱ्या बाईंनी मीठ कमी टाका म्हटलं, तर मी हो म्हणून तितकंच टाकलं."

परीक्षक हसू लागले. मागे सोलमीने लाजेने डोळे मिटून घेतले... अरे देवा, ही सगळ्यांसमोर धिंडवडे काढणार! पण आईचा बांध आता फुटला होता, तिला हसू ऐकू येत नव्हतं.

"आणि एक मोठा दोष आहे, तो मी कुठल्याच सभेत सांगितलेला नाही. नदीपार गेल्यावर दलालांनी मला एका शेतकऱ्याला विकलं. दुसऱ्या हिवाळ्यात गावातल्या माझ्यासारख्याच चार बायका दक्षिणेकडे पळाल्या, माझी जागा धरून ठेवली होती. त्या महिन्याभरात सुखरूप पोचल्या. मी गेले असते, तर वर्षात पोरीला बोलावून घेतलं असतं. पण मला दम निघाला नाही. मी उलटी नदीकडे धावले, पोरीला आणायला. काठावरून आमच्या घराचं धुराडं दिसत होतं. धूर निघत होता, म्हणजे पोर जिवंत होती. तिथेच सरहद्दीवरच्या शिपायांनी मला धरलं आणि नेऊन कोंडलं. माझ्या उतावळेपणामुळे माझी पोर आणखी पाच वर्षं वाट बघत बसली. हा माझा दोष. यापुढे सुधारणा करीन."

हसणं केव्हाच विरलं होतं. पेकबाईंनी चष्मा काढून ठेवला. कुमसिल भानावर आली, हातातल्या चुरगळलेल्या कागदाकडे बघून कानकोंडी झाली. संपलं, गाळा गेला, लेकीची अब्रूही गेली!

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकली. सोलमी उभी होती, हात शिवणीला, डोळ्यांतून धारा. आणि ती बोलली ती दवाखान्यातल्या गुळगुळीत भाषेत नव्हे, तर अस्सल ह्येसानच्या हेलात, जो तिने सहा वर्षांत उंबऱ्याबाहेर नेला नव्हता.

"मी ह्येसानची सोलमी, या बाईंची मुलगी. धुराड्यातला धूर माझाच होता, आई... त्या हिवाळ्यात चूल मीच पेटवायची. या बाईंनी सांगितलेला दोष चुकीचा आहे. खरा दोष वेगळाच आहे. लेकीसाठी त्या परत फिरल्या होत्या, आणि ही गोष्ट त्यांनी लेकीपासून इतकी वर्षं लपवून ठेवली. लेक त्यांची लाज बाळगत राहिली, तरी बोलल्या नाहीत. मी टीका करते."

गाळा कुमसिललाच मिळाला, ते संध्याकाळी कळलं. पाटीवर ह्येसानचं नाव घालायचं, हे सोलमीनेच पेकबाईंना बजावलं. पण सभागृहातल्या त्या क्षणी कुमसिलच्या मनात गाळा नव्हताच. लेक ताठ मानेने सगळ्यांसमोर आईचं नातं सांगत होती, आणि त्या माउलीचा ऊर अभिमानाने भरून आला होता! तरी शिस्त ती शिस्त. तिने पाय जुळवले, मान खाली घातली, आणि रडत रडत म्हणाली,

"टीका मान्य आहे."