बुरुजातले हात

"दिवा लावलास की लगेच पाठ फिरवू नको, बाय. पयली होडी खाडीत वळली का बघ... मग ये."

चंद्रकांता आत्या जाऊन दोन वर्षं झाली होती, तरी काडी ओढली की समिधाच्या कानात हेच शब्द यायचे.

दांडीच्या किनाऱ्यावर एक जुना दगडी बुरूज. त्याच्या समुद्राकडच्या कोनाड्यात समिधाच्या घरची बाई रोज सांजेला परतणाऱ्या होड्यांसाठी दिवा लावते. घरातून तेल उचललं की वात पेटेपर्यंत शब्द काढायचा नाही, असा नेम. आता होड्यांवर यंत्रं आली, किनाऱ्यावर विजेचे खांब आले. तरी नेम का पाळायचा, हे समिधाने कधी विचारलं नव्हतं. हात जोडले की तिला आतून गार वाटायचं, तेवढं पुरे होतं.

पौषातल्या एका रविवारी ती तेलाचा गडू घेऊन निघाली, आणि बोंबील वाळत घातलेल्या बांबूंपाशी एका तरुणाने तिला गाठलं. खांद्याला पिशवी, हातात चित्रांची वही.

"बुरूज इकडेच का?"

ती चालत राहिली.

"आत जाऊ देतात? किती जुना आहे? तुम्ही इथल्याच का?"

ती चालतच राहिली.

"रागावलात... बरं, नका बोलू. मी बोलतो. मी ज्ञानेश. जेजुरीकडचा, बोईसरला कारखान्यात फिटर आहे. वडील गवंडी होते ना, जुनी भिंत दिसली की माझे पाय आपोआप वळतात."

बोलत बोलत तो बुरुजाच्या पायरीवर टेकला. समिधाने आत वात लावली, हात जोडले आणि समुद्रावरची नजर न काढता हळूच म्हणाली, "हो, इकडेच. जाऊ देतात, चपला काढून. किती जुना, ते कुणालाच ठाऊक नाही. मी इथलीच. रागावले नाही. आणि तुम्ही बसलात तिथे इंजिनाचं काळं तेल सांडलंय."

तो ताडकन उठला. होडी वळेपर्यंत तिला मान वळवायची नव्हती, ते बरंच झालं. हसू त्याला दिसलं नाही. खांदे मात्र हलले.

पहिली होडी वळली तशी तिने त्याला आत बोलावलं. कोनाड्याशेजारी चुन्याच्या भिंतीत हातांचे ठसे उमटले होते. एकाखाली एक. बोटं, तळव्यावरच्या रेषा, एका मनगटावरच्या बांगडीची खूणसुद्धा.

"पहिल्यांदा दिवा हाती घेताना ओल्या चुन्यात हात टेकवायचा," समिधा म्हणाली. "हा माझा. हा आत्याचा. हा तिच्या आत्याचा. वरचे काजळीत बुडालेत."

ज्ञानेशची बडबड थांबली होती. दिव्याच्या उजेडात ते हात आत्ताच टेकवल्यासारखे ओले दिसत होते. त्याने बोट पुढे केलं... आणि न लावताच मागे घेतलं.

"वडिलांनी जन्मभर भिंती बांधल्या," तो म्हणाला. "एकीवरही त्यांचा हात नाही."

तेव्हा समिधाने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

मग तो दर रविवारी येऊ लागला. तिच्या मागे दहा पावलांवरून चालायचा, मुद्दाम प्रश्न विचारायचा, आणि ती दिवा लावून ओळीने उत्तरं द्यायची. एकही विसरायची नाही.

"तुम्हांला सगळं कसं लक्षात राहतं?"

"बोलत नाही ना वाटेवर. ऐकते."

फाल्गुन लागला तेव्हा वाटेवर त्याने काहीच विचारलं नाही. होडी वळल्यावर म्हणाला, "समिधा, माझ्याशी लग्न करशील?"

वाऱ्याने वात थरथरली. तिने हाताचा आडोसा केला.

"दिव्याची बाई लग्न करत नाही. सातपाटीचं चांगलं स्थळ आत्याने परत पाठवलं होतं..." तिचा आवाज आणखी खाली गेला. "मला नको आहात, असं नाही. पण हा नेम माझ्या आधीचा आहे."

तो भिंतीकडे वळला. म्हणाला, "निदान वरची काजळी काढू दे. जाण्याआधी सगळे हात बघू दे."

पुढच्या रविवारी तो काथ्याचा मऊ कुंचा घेऊन आला आणि हलक्या हाताने भिंत झाडू लागला. एक हात उघडा झाला. त्याच्यावर दुसरा. आणि त्याच्याही वर... ज्ञानेश थबकला.

"समिधा, हे बघ."

तो पंजा रुंद होता, जाडजूड बोटांचा. अंगठा अर्धाच. बाईचा नव्हताच तो. दोन वर्षं रोज समिधा या हाताखाली दिवा लावत होती.

ती तशीच धावत गेली आणि वडिलांना, देवू तांडेलना, घेऊन आली. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली.

"हा तर माझा पणजा. होड्या बांधताना अंगठा तुटलेला. वैतरण्याकडून घरजावय म्हणून आलेला हाय आमच्यात. दिवा त्याच्या बायकोचा. ती गेली, पोर लहान... मंग यानंच लावला आसंल."

"म्हणजे तिचं लग्न झालेलं होतं, बाबा?" समिधाने विचारलं. "मग दिव्याची बाई लग्न करत नाय, हे कुणी ठरवलं?"

देवूंनी खालच्या ठशांकडे बोट दाखवलं. "कुणीच नाय, बाय. आत्याच्या आत्यानं केलं नाय. तिचं बघून तुझ्या आत्यानं नाय केलं. आन आमी त्यालाच नेम समजलो."

आत्याच्या ठशावर समिधाने आपला तळवा ठेवला. बरोबर मावला.

देवूंनी डोळे पुसले आणि ज्ञानेशकडे वळले. "भायेरचा हात चालतो, ते भिंतच सांगते. पण दर रविवारी वाटेवर तुमचं तोंड चालतं, त्याचं काय करायचं?"

"एक दिवस दिव्याचा नेम पाळून दाखवतो," ज्ञानेश म्हणाला. "शब्द देतो."

"उद्याच. आमी बघतो."

दुसऱ्या सांजेला समिधाने गडू भरून त्याच्या हातात दिला. त्याने ओठ मिटले. उंबऱ्याबाहेर त्याचं पाऊल पडलं, तेव्हा ती मागून हळूच म्हणाली, "करीन. तुमच्याशीच करीन."

तो जागीच थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, गडूतलं तेल हिंदकळलं. अंगणात जाळं विणणारे देवू हात थांबवून बघत होते.

"आन पयली होडी वळेस्तोवर पाठ फिरवू नका," समिधा म्हणाली.

ज्ञानेशने मान हलवली. गडू छातीशी धरला, आणि एक शब्दही न काढता बुरुजाच्या वाटेला लागला.