तसबिरीतला धूर

सह्याद्रीच्या माथ्यावर पूर्वा उजळत होती, भैरवकड्याच्या तटाखाली दरीतलं धुकं अजून अंथरुणातच होतं, आणि कुंपणी सरकारचे कर्नल हार्टवेलसाहेब, ज्यांनी आदल्याच दिवशी हा बेलाग गड एकही गोळी न झाडता ताब्यात घेतला होता, ते अत्यंत दुःखी मुद्रेनं चहा पीत बसले होते.

दुःखाचं कारण वाङ्मयीन होतं. साहेब पुस्तक लिहीत होते. माचीवर राहणाऱ्या शिबंदीच्या घरादाराला हात लागणार नाही, या अटीवर किल्लेदार निळोजी पायगुड्यांनी किल्ल्या हवाली केल्या होत्या. आता यात शौर्याचं प्रकरण बसवायचं कुठं?

साहेबांनी निळोजींना बोलावणं धाडलं. दुभाषे विसाजीपंत अदबीनं म्हणाले, "किल्लेदार, साहेबबहादुरांची मर्जी आहे की आपण घटकाभर पुन्हा गडावर जावं, दार लावावं. पलटण हल्ला करील, चितारी तसबीर काढील, मग आपण शरण यावं. दारूगोळा मात्र मिळणार नाही."

"शरण तर कालच आलो, पंत. रोज यायचं का?"

"आणखी एक. तसबिरीत धूर हवा. माचीवरली घरं पेटवतील."

निळोजींनी विचारलं, "आणि साहेबांचा शब्द?"

पंतांनी साहेबांना विचारून घेतलं, मग खाली मान घालून सांगितलं, "साहेब म्हणतात, तो शब्द लढाईआधीचा. लढाई तर आता व्हायची आहे."

निळोजींनी लवून मुजरा केला. "मग एवढा अर्ज करा. तटावर रडती बायकापोरं असली तर तसबीर खुलेल. माचीवरली सगळी माणसं वर नेऊ?"

साहेब हर्षभरित झाले. नेटिवालाही कलेची जाण असते, असं ते चिताऱ्याला म्हणाले.

माणसं गडात शिरली. महादरवाजा लागला, अडसर पडला. घरं पेटली, धूर उत्तम आला. पलटण हसतखिदळत चढू लागली आणि वरून पहिला धोंडा गडगडत आला. दारूगोळा काढून नेणाऱ्यांना तटावर रचलेले धोंडे शस्त्र वाटलेच नव्हते.

"हे ठरलं नव्हतं!" साहेब गरजले. पंतांनी ते ओरडून वर पोचवलं.

"ठरलेलं काल होतं, पंत!" तटावरून निळोजींचा आवाज आला. "आज लढाई आहे!"

मागल्या कड्यावरून दोर लावून बायकापोरं कोकणात उतरवायला जेवढा वेळ लागला, तेवढा वेळ गड झुंजला. तोफा आल्या, दरवाजा फुटला, तेव्हा दारात निळोजी आणि मूठभर म्हातारे शिपाई तेवढे उभे होते. ते तिथंच पडले.

साहेबांचं पुस्तक विलायतेत गाजलं. त्यात घरं शिबंदीनं स्वतःच पेटवली आहेत, आणि सर्वांत लांबलचक प्रकरण नेटिवांच्या विश्वासघातावर आहे. पुढं त्या प्रकरणाचं मराठी भाषांतर झालं आणि ते कोकणातल्या सरकारी शाळांत धडा म्हणून लागलं. परीक्षेत प्रश्न असे: 'एतद्देशीय लोक दिलेला शब्द का पाळत नाहीत? सकारण लिहा.'

वर्गात दोरावरून उतरलेल्यांची नातवंडं बसली होती. बहुतेकांना पैकीच्या पैकी गुण मिळाले.