मी ओरडलो नसतो तर…

"मामा, स्टूल सरकवा जरा. आणि हा दिवा धरा," डोळ्यांची डॉक्टर म्हणाली.

त्यानं निमूटपणे स्टूल सरकवलं, दिवाही धरला. नर्सनं काचपेटीतून बाळ बाहेर काढलं. मुठी जेमतेम बोटाच्या पेराएवढ्या, टोपी घसरून नाकावर आलेली. डॉक्टरनं त्याची पापणी अलगद उघडली, आणि त्यानं दिव्यासकट तोंड फिरवलं.

"अहो, नीट धरा की! किती वर्षं काम करताय इथे?"

"काम रंगाच्या दुकानात करतो," तो म्हणाला. "इथे मी फक्त ह्याचा मामा."

नर्स फिस्सकन हसली. डॉक्टरचे कान लाल झाले.

"हा लाल आमच्याकडे नाही मिळत…" तो पुटपुटला.

बाळ वेळेच्या फार आधी आलेलं. त्याची आई वरच्या मजल्यावर तापानं फणफणत होती, बाबा तिच्या उशाशी. म्हणून बाळापाशी मामा. अशा बाळांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात, म्हणून डॉक्टर दर बुधवारी तपासायला यायची. आणि दर बुधवारी, कुणी न सांगता, तो दिवा धरायचा.

"सगळ्यांनी मामा म्हणावं," एकदा तो म्हणाला. "तुम्ही सोडून."

"मग काय म्हणू?"

"घाई नाही. विचार करून ठेवा…"

एकदा त्यानं पुठ्ठ्याचा तुकडा पुढे केला. त्यावर तपकिरी रंगाचा पट्टा. "तुमचे डोळे. चारदा मिसळला, तरी फसलोच."

"मस्का लावताय?"

"छे! आम्ही फक्त रंग लावतो."

एका संध्याकाळी जिन्यात चहा पिताना तो सांगू लागला. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नव्हतं.

"ह्याचा जन्म आमच्याकडच्या छोट्या दवाखान्यात झाला. मी दाराशी होतो. हा रडलाच नाही गं… निळा पडला होता. डॉक्टर म्हणत होते, इतक्या लहानग्याला ऑक्सिजन बेतानंच द्यायचा, रंग हळूहळू येईल, धीर धरा. मला कुठला धीर? आत घुसून ओरडलो — मरेल तो, पूर्ण सोडा! सोडला त्यांनी. गाडीतून इथे येईपर्यंत तसाच चालू होता. पण गुलाबी झाला की नाही? माझ्या डोळ्यांदेखत!"

त्याच्या चेहऱ्यावर कसला अभिमान होता! तिनं त्याचा हात हातात घेतला. पहिल्यांदाच. त्याला वाटलं, हा होकार.

पुढच्या तपासणीत रक्तवाहिन्या बिघडलेल्या दिसल्या. तिनं लेसर केलं. उजवा डोळा वाचला. डावा गेला.

हे त्याला तिनंच सांगितलं, त्याच जिन्यात. तो बराच वेळ कठड्यावरचा पोपडा नखानं खरवडत राहिला.

"नर्स म्हणत होती, जास्त ऑक्सिजन डोळ्यांना बाधतो." त्यानं वर पाहिलं. "खरं सांग. मी ओरडलो नसतो तर… ह्याला दोन्ही डोळ्यांनी दिसलं असतं?"

ठामपणे कुणालाच सांगता आलं नसतं. बेतानं ऑक्सिजन मिळालेल्या बाळांचेही डोळे जातात. आणि बटण फिरवणारा हात काही त्याचा नव्हता. 'नाही रे' एवढंच म्हणायचं होतं. ओठांवर आलंही होतं…

पण ती क्षणभर थांबली.

"एकट्या ऑक्सिजनमुळेच असं—"

"राहू दे." तो हसला. ते हसू तिला कधीच विसरता आलं नाही. "आज मी वेगळंच विचारायला आलो होतो तुला."

"मग विचार ना…"

"कसं विचारू? तू समोर असलीस की रोज हाच प्रश्न उभा राहणार. आणि रोज तू अशीच थांबणार."

तो जिना उतरून गेला.

महिन्याभरानं आई बाळाला तपासणीसाठी घेऊन आली. बाळ उजव्या डोळ्यानं दिव्याच्या मागोमाग टकामका बघत होतं.

"दादा बाहेर थांबलाय," ती चाचरत म्हणाली. "तो विचारत होता… पुढच्या वेळी दुसऱ्या कुणा डॉक्टरांना दाखवलं तर चालेल का?"

"चालेल," डॉक्टर म्हणाली. या वेळी मात्र क्षणभरही न थांबता.