सहा काळे चौकोन

गुरुवारी सकाळी साडेदहाला कारखान्यातला फोन वाजला. पोलीस ठाण्यातून इन्स्पेक्टर बाई बोलत होत्या.

"मास्तर, तुमच्या मुलीनं चूक कबूल केली. आज पाच वाजता तिला कोर्टात उभं करायचंय. वकील बघून ठेवा."

शाईमास्तरांनी फोन ठेवला. यंत्र बंद करायचंही त्यांना सुचलं नाही. कागदावर शाईची जाळी उमटत राहिली आणि छापलेले ताव एकावर एक पडत राहिले.

उभी हयात त्यांची छापण्यात गेली होती. आधी पावत्या, पत्रिका, पुस्तकांची मुखपृष्ठं. गेली चार वर्षं मात्र ते या छोट्याशा कारखान्यात, त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर, कागदावर वीज छापत होते. वीज वाहून नेणाऱ्या शाईनं कागदावर रेघा ओढायच्या, मधे कागदाचीच पातळ बॅटरी बसवायची, की झालं यंत्र. दुधाच्या पिशवीवर लावलं तर दूध नासायला लागल्याचं सांगणारं. जखमेच्या पट्टीत ठेवलं तर आतून ओल आल्याचं कळवणारं. आणि काम झालं की वर्तमानपत्रासारखं फाडून टाकता येणारं.

यातलं त्यांचं लाडकं काम म्हणजे औषधाच्या पेटीवरचं लेबल. त्यावर दहा पांढरे चौकोन असत. कोपरा दुमडला की लेबल जागं व्हायचं. मग पेटी जितके तास गरमीत राहील तितके चौकोन एकेक करून काळे पडायचे, आणि काळा झालेला चौकोन पुन्हा पांढरा होत नसे.

त्याच लेबलानं त्यांच्या पोरीला आत टाकलं होतं.

मंगळवारी दुपारी दोन वाजता प्रसूतिगृहात एका बाईला बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला. ड्यूटीवर नर्स म्हणून मास्तरांची मुलगी होती. तिनं वॉर्डातल्या फ्रिजमधून रक्त थांबवायचं इंजेक्शन काढून दिलं. पाठोपाठ दुसरं दिलं. रक्त थांबलं नाही. बाई गेली. औषध गरमीनं निकामी झालं होतं, असं वापरलेल्या कुप्या तपासल्यावर निघालं. पेटीवर सहा चौकोन काळे होते. आणि वॉर्डाच्या वहीत मुलीच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : सकाळी आठला पेटी मिळाली, काळे चौकोन शून्य.

आठ ते दोन, सहा तास. लहान पोरालाही कळावं इतकं सरळ होतं ते.

मास्तर तडक ठाण्यात गेले.

"मला पेटी बघू द्या, मॅडम."

"बाप म्हणून बघायचीय की छापणारा म्हणून?"

"दोघांनाही बघायचीय. हात लावणार नाही."

इन्स्पेक्टर बाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं आणि त्यांना मागच्या खोलीत नेलं. वर पत्रा, खिडकी नाही, पंखा बिघडलेला. दोन मिनिटांत मास्तरांचा सदरा पाठीला चिकटला. बाईंनी लोखंडी कपाटाचं सील तोडून प्लास्टिकच्या पिशवीतली पेटी टेबलावर ठेवली.

"मंगळवारी पाचपासून इथेच आहे. कोणीही हात लावलेला नाही."

मास्तरांनी वाकून पाहिलं. सहा काळे, चार पांढरे. कडा नीट, शाई कुठे फुटलेली नाही. काम अगदी स्वच्छ उतरलं होतं.

"एकच विचारते," बाई म्हणाल्या. "तुमचं लेबल खोटं बोलू शकतं का?"

'हो' म्हटलं असतं तर? बापानं म्हटलं असतं, आणि त्याला कोणी नावं ठेवली नसती. मास्तरांनी ओठ घट्ट मिटले. मग सावकाश मान हलवली.

"नाही. तो चौकोन गरमीशिवाय काळा होत नाही."

मुलगी कोठडीत भिंतीला टेकून बसली होती. कालपासून पाण्याचा घोट तेवढा घेतलेला. बापाला बघून ती उठलीसुद्धा नाही.

"मीच विसरले असेन, बाबा."

"असेन म्हणजे? आठवतंय का तुला?"

"नाही. सकाळी दोन बाळंतपणं एकदम आली. पेटी फ्रिजमध्ये ठेवल्यासारखं वाटतं. पण माईंनी ती दीड वाजेपर्यंत ट्रॉलीवर बघितली. माई कशाला खोटं बोलतील?"

माई म्हणजे तिथल्या मेट्रन, सगळ्या नर्सांच्या प्रमुख. हातात सुई कशी धरायची हे मुलीला त्यांनीच शिकवलं होतं. घरीदारी मुलीच्या तोंडी सतत माईंचंच नाव असे.

"दोनला काढलीस तेव्हा पेटी कुठे होती?"

"फ्रिजमध्ये. माई म्हणतात, मीच मागाहून घाईत ठेवली असेन."

"तेव्हा चौकोन बघितलेस?"

"नाही बाबा. मी रक्ताकडे बघत होते."

"मग सहा काळे आहेत हे कोणी बघितलं?"

"माईंनी. बाई गेल्यावर वॉर्डात एकच रडारड. कोणी हात लावू नये म्हणून माईंनी पेटी आपल्या खोलीत नेली. पोलीस आल्यावर आणून दाखवली."

"लेबल कसं वाचायचं ते तुम्हाला नीट शिकवलं होतं ना?"

"तुम्हीच तर शिकवण्यासाठी ताव दिला होतात. माईंनी स्वतः न घेता आम्हा नऊजणींना एकेक लेबल देऊन कोपरा दुमडायला लावला." तिनं गुडघ्यात डोकं घातलं. "काल त्या येऊन गेल्या. म्हणाल्या, चूक झाली म्हणून सांग, लवकर सुटशील. मी सही केली."

मास्तर प्रसूतिगृहात पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. माईंनी स्वतः उठून खुर्ची पुढे केली. त्यांचे डोळे सुजले होते.

"पेटी वॉर्डात यायच्या आधी कुठे होती, माई?"

"खालच्या भांडारात. तिथे मोठा फ्रिज आहे."

"भांडारपालांना भेटता येईल?"

"ते ऑपरेशनसाठी रजेवर आहेत. दहा दिवस झाले, किल्ली माझ्याकडेच आहे."

"फ्रिज बिघडला होता का मधे?"

"छे! सोमवारीच मी स्वतः धुऊनपुसून लख्ख केलाय."

"शिकवायला दिलेल्या तावातलं एखादं लेबल उरलंय का? शाईत दोष आहे का ते तपासून बघतो."

"नाही हो. दहाच्या दहा शिकवण्यात संपली." माईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला. "तिला सांगा, खचू नकोस. कोर्टात मी तिच्याच बाजूनं बोलेन."

मास्तर कारखान्यात परतले. सव्वातीन वाजले होते. वकिलानं फोन उचलला नव्हता. आता काय करायचं, हे त्यांना खरोखरच कळत नव्हतं. एकदा तर मनात आलं, परत जावं आणि लेबल खोटं आहे म्हणून सांगून मोकळं व्हावं. चार वर्षांचं काम मातीत जाईल. जाऊ दे.

खिडकीपाशी कारखान्याच्या मालकीणबाई चाचणीची लेबलं गोळा करत होत्या.

"मास्तर, ही टाकून देऊ ना? काल सकाळी जागी केलेली. उन्हात दहाच्या दहा चौकोन भरलेत."

"टाका," मास्तर म्हणाले. आणि लगेच ओरडले, "थांबा! काय म्हणालात?"

त्यांनी ते काळंकुट्ट लेबल हातात घेतलं. पत्र्याखालची ती खोली त्यांना आठवली. मग माईंचं बोलणं, मग मुलीचं. त्यांनी मालकीणबाईंना ठाण्याचा नंबर फिरवायला सांगितला.

चार वाजता माईंच्या खोलीत चौघं होती. माई, मुलगी, मास्तर आणि टेबलावर पेटी ठेवून उभ्या असलेल्या इन्स्पेक्टर बाई.

"माझ्याकडे अर्धा तास आहे," बाई म्हणाल्या. "बोला."

"मॅडम, पेटी तुमच्या कपाटात किती तास होती?"

"मंगळवारी पाचपासून आजपर्यंत. शेहेचाळीस तरी."

"आणि ती खोली?"

"भट्टी आहे नुसती."

"मग हा सातवा चौकोन पांढरा कसा?"

बाईंनी पेटी उचलून डोळ्यांजवळ नेली.

"मी सकाळी हे बघितलं आणि डोळे असून आंधळा झालो," मास्तर म्हणाले. "फक्त काळे मोजत बसलो. लेबल जिवंत असतं तर त्या खोलीत बुधवार उजाडायच्या आत दहाच्या दहा भरले असते. म्हणजे तुमच्या कपाटात आलं तेव्हाच ते मेलेलं होतं. आणि ते इतक्या लवकर मरायला कारण एकच. या लेबलाच्या पाठीवर केसाएवढी बारीक रेघ आहे. गोंद तिला पेटीशी धरून ठेवतो. कोणी लेबल सोलून काढलं की रेघ पेटीवर राहते आणि लेबल तिथल्या तिथे मरतं. एकाचं लेबल दुसऱ्यावर कोणी चिकटवू नये म्हणून मी ती तशी छापलीय."

"म्हणजे हे काढून पुन्हा चिकटवलंय?"

"हो. सहा तासांची गरमी खरी आहे, पण ती मंगळवारची नाही. पेटी वॉर्डात यायच्या आधीच तापली होती. तेव्हा हे लेबल सोलून त्या जागी कोरं लावलं गेलं. म्हणून हिनं वहीत शून्य लिहिलं, ते बरोबरच होतं. ती बाळंतीण गेल्यावर कोरं काढून हे जुनं परत लावलं, म्हणजे औषध हिच्याच हातून तापलं असं दिसावं. लेबलांवर नंबर छापायचं आमचं अजून ठरतच होतं, त्यामुळे बदल कोणाच्या लक्षात आला नाही. खाली बघा. एकच लेबल लागलं असेल तर एकच रेघ असेल."

इन्स्पेक्टर बाईंनी पातळ सुरीनं लेबल अलगद उचललं. भिंग धरलं.

"दोन आहेत," त्या म्हणाल्या. "एक जरा तिरकी."

मुलगी भिंतीला धरून उभी होती.

"कोरं लेबल आलं कुठून?" बाईंनी विचारलं.

"मी दहा लेबलांचा ताव दिला होता. शिकायला नऊजणी होत्या. माई म्हणतात, दहाही संपली." मास्तरांचा आवाज एकदम खाली आला. त्यांना यात आनंद होत नव्हता. "भांडाराची किल्ली माईंकडे. पेटी तासभर याच खोलीत होती. आणि ट्रॉलीवर पेटी बघितली असं सांगणारं दुसरं कोणीही नाही."

"माई?" मुलगी म्हणाली. "सांगा ना त्यांना, असं नाहीये म्हणून."

माईंनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिल्या. तो पुसून झाला तरी पुसत राहिल्या.

"सोमवारी बाराला फ्रिज धुवायला प्लग काढला," त्या अखेर म्हणाल्या. "पेटी बाहेर टेबलावर ठेवली. तेवढ्यात वरून ऑपरेशनला हाक आली. नंतर आणखी एक केस. खाली आले तेव्हा सहा वाजले होते."

"वहीत का नाही लिहिलंत?" इन्स्पेक्टर बाईंनी विचारलं.

"चौतीस वर्षं झाली इथे. चुकीची एक ओळ नाही माझ्या नावावर. वाटलं, सहा तासांनी काय होतंय. पेटी हाताला फारशी गरमही लागत नव्हती."

"आणि या मुलीच्या गळ्यात का बांधलंत?"

"वय आहे तिचं. सावरेल वाटलं." माईंनी पहिल्यांदाच मुलीकडे पाहिलं. "मी नसते सावरले गं."

मुलगी पुढे आली. रडत नव्हती.

"माई, पलीकडच्या दवाखान्यात हेच औषध होतं. नुसतं म्हणाला असतात तर मी पळत जाऊन अर्ध्या तासात आणलं असतं."

"माहीत होतं मला," माई म्हणाल्या.

इन्स्पेक्टर बाईंनी माईंचा दंड धरला आणि दोघी जिना उतरून गेल्या.

सुटकेचे कागद होईपर्यंत सहा वाजले. ठाण्याबाहेर मास्तरांनी रिक्षाला हात केला.

"घरी चल आता. काहीतरी खा."

"आधी त्यांच्याकडे जायचंय. गेलेल्या बाईंच्या घरी."

"मॅडम कळवतील त्यांना. तू कशाला? त्यांना अजून वाटत असेल की तूच—"

"वाटू दे. औषध माझ्याच हातानं गेलं ना त्यांच्या अंगात, बाबा."

दार बाईंच्या नवऱ्यानं उघडलं. दाढी वाढलेली, खांद्यावर झोपलेलं बाळ. त्यानं मुलीला ओळखलं आणि त्याचा जबडा आवळला. ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. फ्रिज, पेटी, लेबल, माई, सगळं एकही गोष्ट न गाळता तिनं सांगितलं. चौकोन आपण बघितले नव्हते, हेही सांगितलं. मास्तर दोन पायऱ्या खाली उभे होते, आणि हा माणूस तिच्या अंगावर धावून आला तर आपण काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं.

सांगून झाल्यावर त्यानं बाळाच्या अंगावरचं दुपटं नीट केलं.

"शेवटी काही बोलली का ती?" त्यानं विचारलं.

"विचारत होत्या, मुलगा की मुलगी."

"मग?"

"मुलगी झाली म्हणून सांगितलं मी."

"ऐकलं तिनं?"

"ऐकलं. माझा हात दाबला त्यांनी."

त्यानं बाळाला एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग दारातून बाजूला झाला.

"आत या," तो म्हणाला.