उलटे निजलेले मास्तर

सोमवारच्या सभेत मोहनराव मास्तरांचा निकाल लागणार होता. मास्तर स्वतः तर दोन वर्षांपूर्वीच वारले होते.

बारामती-इंदापूर रस्त्यावरच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मानवी शरीराचं संग्रहालय नुकतंच उघडलं होतं. मास्तर हे त्यातलं मुख्य आकर्षण. इंदापूरला जन्मभर विज्ञान शिकवलेल्या या माणसाची शेवटची इच्छाच तशी होती: माझा देह लोकांना दाखवा, आणि नाव लपवू नका. पण तिसऱ्यांदा असं झालं होतं, की सकाळी दालन उघडावं तर काचपेटीतले मास्तर उलटे. डोक्याच्या जागी पाय, पायांच्या जागी डोकं. मास्तर उठतात अशी आवई माळेगावपर्यंत गेली. सोमवारपर्यंत छडा लागला नाही, तर मास्तरांना पेटीतून काढून अग्नी द्यायचा, असं संचालकांनी ठरवलं. म्हणून विभागप्रमुख डॉक्टर संजीवनींनी स्वरूपा जाचकला बोलावलं.

स्वरूपा बारामतीतली खाजगी गुप्तहेर. नवरा सुयोग तिची गाडी चालवतो आणि प्रत्येक प्रकरणात चुकीच्या माणसावर संशय घ्यायचं कामही चोख करतो.

दोघं सकाळीच पोचले. दालनात शिरताच समोरच्या खिडकीतलं कोवळं ऊन डोळ्यांवर आलं. दारात क्षणभर थांबून मग स्वरूपा आत गेली.

रसायनं मुरवून कोरडा केलेला तो देह पाहून सुयोग पेटीच्या आणखी जवळ सरकला. कातडी दूर केली होती, पण किळस वाटावी असं काहीच नव्हतं. मानेतून निघालेला एक मज्जातंतू, शिवणाच्या दोऱ्याएवढा बारीक, दंडावरून थेट करंगळीपर्यंत गेला होता आणि कुठेही तुटला नव्हता. सुप्याहून आलेल्या दोन बायका हृदयापाशी उभ्या होत्या. एवढ्याशा गोळ्यावर आपला सगळा संसार चालतो होय, असं एकीनं दुसरीला विचारलं. सुयोगला अगदी तेच वाटलं होतं.

एरवी मास्तरांचं डोकं डाव्या हाताला असतं, आज ते उजव्या हाताला होतं. पेटीखालच्या मेजाला चाकं होती, एकट्या माणसाला ते सहज फिरवता आलं असतं. पेटीच्या दोन्ही बाजूंना, जमिनीवर, अवयवांच्या नावांच्या सुट्या पाट्या उभ्या केल्या होत्या. त्यांतली ‘प्लीहा’ अलीकडच्या कडेला होती आणि ‘यकृत’ पलीकडच्या.

“यकृत कुठं असतं रे?” स्वरूपानं विचारलं.

सुयोगनं आत्मविश्वासानं पोटाच्या डावीकडे हात ठेवला. संजीवनीबाई हसल्या आणि त्यांनी तो उजवीकडे सरकवला. पाट्या मात्र सगळ्या आपापल्या अवयवासमोर बरोबर आहेत, सकाळपासून कुणी हात लावलेला नाही, असंही त्यांनी सांगितलं.

किल्ल्या तिघांकडे होत्या: संजीवनीबाई, पहारेकरी सर्जेराव आणि देहाचं विच्छेदन करणारे डॉक्टर नागेश.

सर्जेराव गयावया करू लागले. “म्या तर आत पाऊल टाकत न्हाय, ताई. दारावरनंच रामराम करतो.”

डॉक्टर नागेश आले ते बूट दाराशी काढून. मूळचे सांगवीचे, बोलणं रोखठोक. अफवांवर त्यांचा राग होता. इथे सगळे नमुने आहेत, नमुना उठत नसतो, असं त्यांनी सुनावलं. त्या मज्जातंतूबद्दल विचारल्यावर मात्र आवाज उतरला. “सरांचा तो हात सोडवायला मला चार महिने लागले.”

कोपऱ्यातल्या बाकावर मास्तरांच्या पत्नी फुलाबाई बसल्या होत्या. त्या रोज इंदापूरहून एसटीनं येत. सुयोगचा संशय लगेच त्यांच्यावर गेला. किल्ली नसली तर काय झालं, सर्जेरावांनी उघडून दिलं असेल.

“मला कशाला फिरवायचंय त्यांना?” फुलाबाई म्हणाल्या. “जित्तेपणीबी माझ्या सांगण्यानं कधी फिरले न्हाईत.”

दुपारी स्वरूपानं सगळ्यांना मास्तरांभोवती जमवलं.

“सकाळी समोरून ऊन आलं, म्हणजे समोर पूर्व. डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण. तुम्ही मास्तरांना ठेवलं होतं डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. आपल्याकडे असं कुणाला ठेवतात?”

“मढ्याला,” सर्जेराव पुटपुटले.

“फिरवणाऱ्याला तेच सहन झालं नाही. पण देह फिरला की उजवी कूस पलीकडे जाते, डावी अलीकडे येते. म्हणजे पाट्याही बदलाव्या लागतात, आणि त्या अचूक बदलल्या गेल्या. फुलाबाईंना किंवा सर्जेरावांना हे जमणार नाही. माझ्या नवऱ्याला यकृत सापडलं नाही, ते तुम्ही पाहिलंच. राहिले दोन डॉक्टर. त्यांतले एकच इथे अनवाणी येतात, आणि इतर सगळ्यांना नमुना म्हणून या एकाला सर म्हणतात.”

नागेशनी पेटीच्या काचेवर हात टेकवला. मग म्हणाले, “सातवीत सरांनी मला पहिल्यांदा बेडकाचं हृदय दाखवलं. त्यांच्यावर सुरी चालवताना मी कचरलो नाही. पण रोज सकाळी त्यांना तसं, मेल्यासारखं निजलेलं... मी या गोष्टी मानत नाही. तरी फिरवत होतो. बोलायची लाज वाटली.”

त्यांच्या हाताचं कौतुक करावं की कान धरावा, हे संजीवनीबाईंना कळेना. डोकं आता कुठल्या बाजूला ठेवायचं, एवढंच त्यांनी विचारलं.

फुलाबाई उठल्या आणि त्यांनी नागेशच्या पाठीवर हात ठेवला.

“उत्तरंला नको न् दक्षिणंलाबी नको. छत्तीस वर्षं शिकवलं, पर वर्गात ते कधी बसलेसुदिक न्हाईत. उभं करा त्यांना.”

सोमवारी संचालक दालनात आले तेव्हा पेटी उभी होती. मास्तर खिडकीकडे पाठ करून उभे, करंगळीपर्यंत सोडवलेला तो हात जरासा पुढे. शेजारी नागेश एका शाळेच्या मुलांना यकृत कुठे असतं ते सांगत होते.

सुयोग त्या मुलांच्या मागे उभा राहून ऐकत होता. त्याचे बूट दाराशी होते.