सगळे बावीस दिसले पाहिजेत

गेझाला उंचीची भयंकर भीती वाटायची, आणि नेमकं तिलाच त्या शनिवारी सात मीटर उंच परांचीवर चढायचं होतं.

याला कारण तिचा मावसभाऊ ओनो. उत्तर जर्मनीतल्या लेअर गावच्या अमेरिकन फुटबॉल क्लबचे सगळे सामने तोच चित्रित करायचा. पण सायकलवरून पडून त्याने मनगट मोडून घेतलं आणि कॅमेरा गेझाच्या गळ्यात अडकवला. "एका शनिवारचा तर प्रश्न आहे गं!" गेझा चहाच्या पेढीत चहा चाखून त्याची मिश्रणं ठरवायची. या खेळातला चेंडू लांबुळका असतो, यापलीकडे तिला ओ की ठो कळत नव्हतं.

चार पायऱ्या चढली आणि तिथेच अडकली. वर जाववेना, खाली उतरवेना. वारा सुटला होता, पावसाची बारीक झड तोंडावर येत होती...

"खाली बघू नकोस," मागून कुणीतरी म्हणालं.

"बघत नाहीये. डोळेच मिटलेत मी."

"मग वर कशी जाणार?"

"जाणारच नाहीये!"

"पडायची नाहीस. ही परांची मी बांधलीय."

"आणि तू कोण?"

"कौलं घालणारा. दिवसभर छपरांवरच असतो. आजवर एकदाही पडलो नाही... म्हणजे, एकदा पडलो. पण ती शिडी दुसऱ्याची होती."

गेझाला हसू फुटलं आणि डोळे आपोआप उघडले. मागे एक उंच तरुण होता, खांद्यांवर चिलखतासारखं संरक्षक कवच चढवलेला, अंगावरच्या जर्सीवर चौऱ्याऐंशी नंबर. त्याचा हात तिच्या पाठीला टेकला नव्हता, पण पाठीशी होता. त्या हाताच्या भरवशावर ती वर पोचली.

"मी हाउके," तो म्हणाला आणि मैदानाकडे धावत सुटला.

खालून कोच फोको ओरडले. साठी ओलांडलेला माणूस, पण आवाज असा की बंदरावरचे बगळे उडावेत. "पोरी, नियम एकच! सगळे बावीस दिसले पाहिजेत. चेंडूच्या मागे लागायचं नाही, कुणा एकाच्या तर मुळीच नाही!"

एका शनिवारचे बघता बघता सात शनिवार झाले. ओनोच्या हाताचं प्लास्टर निघालं, पण कॅमेरा त्याने मागितला नाही आणि तिनेही दिला नाही. सामना संपला की हाउके तिच्याकडे चहाला यायचा. लेअरमध्ये चहा पुरे झाला की पाहुण्याने चमचा कपात ठेवायचा असतो, तोवर घरची बाई ओततच राहते. हाउकेचा चमचा कधी बशीतून हललाच नाही.

"हा सहावा कप आहे," गेझा म्हणायची.

"मोजतेस वाटतं?"

"चमचा कुठे ठेवायचा ते ठाऊक आहे ना? जन्म इथलाच ना तुझा?"

"विसरलो बहुतेक..." असं म्हणून तो खिडकीबाहेर बघायचा, आणि त्याचे कान लालबुंद व्हायचे.

ऑगस्ट संपता संपता पत्र आलं. युरोपभर आता या खेळाच्या पगारी लीग उभ्या राहत होत्या. व्हिएन्नापासून पॅरिसपर्यंत मैदानं भरत होती. अमेरिकन खेळाडू मोजकेच घ्यायचे असा नियम, त्यामुळे बाकीचा संघ गावोगावच्या पोरांमधून उभा करावा लागे. हॅम्बुर्गच्या संघाने हाउकेचं नाव ऐकलं होतं. त्यांना दोन अख्ख्या सामन्यांचं चित्रण हवं होतं, पूर्ण मैदान दिसणारं, कुठेही न कापलेलं. मुदत दोन आठवड्यांनी रविवारी दुपारी बारापर्यंतची.

"सत्तावीस पुरी झाली मला," हाउके म्हणाला. "आता नाही जमलं, तर मग जन्मभर छपरंच."

गेझाने "जमेल रे" म्हटलं खरं, पण त्या दिवशी चहा तिच्या घशाखाली उतरला नाही. कारण जमलं, तर तो जाणार होता.

एका सामन्याचं जुनं चित्रण चांगलं होतं, ते बाजूला ठेवलं; दुसरं अजून व्हायचं होतं. पुढच्या शनिवारी शिरस्त्राण चढवायच्या आधी हाउकेने परांचीकडे मान वर केली. "आज जरा माझ्याकडे लक्ष असू दे हं!"

त्याने गमतीने म्हटलं होतं. तिचं लक्ष मात्र खरंच राहिलं.

मंगळवारी संध्याकाळी क्लबात नेहमीप्रमाणे सगळे पडद्यासमोर जमले. बटाट्याच्या सॅलडच्या ताटल्या फिरत होत्या. फोकोंनी चित्रण सुरू केलं. पडद्यावर हाउके होता. धावणारा हाउके, पडणारा हाउके. मग आपला संघ बचाव करायला उतरला, फक्त चढाईत खेळणारा हाउके बाहेर गेला, आणि कॅमेराही त्याच्यामागून बाहेर गेला! तिकडे मैदानावर कुणीतरी गुण मिळवत होतं, लोक ओरडत होते, आणि पडद्यावर हाउके बाकावर बसून पाणी पीत होता.

"आपला बचाव कुठेय?" फोकोंनी विचारलं.

मग कोपऱ्यातून ओनो म्हणाला, "बचाव करून उपयोग नाही आता, सगळं दिसलंय," आणि चाळीस माणसं फिस्सकन हसली. गेझा उठली ती थेट बाहेर पडली.

हाउकेने तिला सायकलींजवळ गाठलं. ती रडत होती.

"मी तुझं वाटोळं केलं. हे हॅम्बुर्गला कसं पाठवणार?"

"नाही पाठवता येणार..." तो म्हणाला. जरा घुटमळला. "गेझा, पाणी पिताना मी तोंड असं करतो?"

"हो."

"किती वेळ पीत होतो?"

"चार मिनिटं."

"आणि तू चारही मिनिटं...?"

तिने मान खाली घातली. तो हसला, पण डोळे हसत नव्हते. "शनिवारी शेवटचा सामना आहे. दुसऱ्या दिवशी मुदत."

"ओनोला सांगते मी."

"नको. तूच कर."

त्या शनिवारी गेझाने कॅमेरा असा धरला की बोटं बधिर झाली. सगळे बावीस, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. तिसऱ्या सत्रात हाउकेने हवेत उडी मारून चेंडू झेलला आणि दोघांनी त्याला खाली आपटलं. तो उठेना. तरी चौकट तसूभर हलली नाही. चौकटीच्या एका कडेला तो इवलासा दिसत होता, आणि तिथेच तो हळूहळू उठून उभा राहिला. तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

रविवारी दुपारी दोघं क्लबच्या कचेरीत संगणकापुढे बसले. दोन्ही सामने तयार होते. बाराला आठ मिनिटं कमी होती.

"नको पाठवूस," हाउके अचानक म्हणाला.

"वेड लागलंय का?"

"पाठवलंस की मी जाणार. आणि तू इथे... मला नाही जायचं."

गेझाने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "माझं तुझ्यावर प्रेम आहे, हाउके. अख्ख्या क्लबने पडद्यावर पाहिलंय, लपवायला काही उरलंच नाही. पण तू माझ्यामुळे मागे राहिलास, तर दर शनिवारी तुझं तोंड बघून मला मेल्याहून मेल्यासारखं होईल."

"माझंही..." त्याचा आवाज चिरकला. "माझंही आहे. पहिल्या पायरीपासून."

"कळलं," ती म्हणाली, आणि तिने बटण दाबलं. मग मात्र ती त्याच्या कुशीत शिरली आणि बराच वेळ तिथून हलली नाही.

बारा दिवसांनी तो धावत तिच्या पेढीत आला. कामावरून तसाच आलेला, केसांत कौलांची लाल धूळ. गेझाच्या तोंडात चाखायचा चहा होता. तो थुंकायचा असतो, ती गिळून बसली.

"घेतलं! मार्चपासून सराव, दोन वर्षांचा करार!"

ती ओरडली, हसली, त्याच्या गळ्यात पडली. पेढीतल्या बायका कामं सोडून बघू लागल्या.

"थांब, अजून आहे," तो धापा टाकत म्हणाला. "तिथे संघाकडून खोली मिळते. पण दोघांसाठी घर घेतलं तरी चालतं म्हणे... आणि हॅम्बुर्गच्या बंदरात चहाच्या पेढ्या कितीतरी आहेत. म्हणजे, मी आपलं सहज विचारून ठेवलंय. तुला वाटलं तर—"

"मी अर्ज केलाय तिथे."

हाउके बघतच राहिला. "पण मला घेतलं नसतं तर?"

"घेणारच होते. सगळा सामना मी पाहिला होता ना."

"केलास कधी अर्ज?"

"त्याच रविवारी. बारा वाजून दहा मिनिटांनी."